बिननावाची कव्हरं

दि. ३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. दोन्ही बॅगा प्रवासभर मांडीवर होत्या. कंडक्टर म्हणाला वर टाका, तर मी त्याला सांगितलं की आत माझ्या मेव्हण्यांची जन्माची कमाई आहे, ती वर टाकायची नसते. तेव्हापासून तो आणि शेजारचा प्रवासी दोघंही माझ्याकडे जरा जास्तच आदराने बघत होते. आत नुसती रेकॉर्डींची पुठ्ठ्याची कव्हरं आहेत हे मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तुझ्या घरातून निघताना नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. (फोनवर मी ऐकत नाही, नुसता बोलतो, हा तुझा आरोप मान्य.) भावोजी दवाखान्यातून घरी आल्यापासून उजवा हात लुळा आहे, शब्द तोंडाशी येऊन परत जातात, हे तू कळवलं होतंस. पण कव्हरांची दशा कळवली नव्हतीस. मी आलो तर एक कव्हर बाथरूमच्या दाराला टेकवलेलं, एक तुझ्या शिवणयंत्रावर, एक चक्क तुझ्या उशीवर! ज्या माणसाने आयुष्यभर या रेकॉर्डी कडेला धरून हाताळल्या, त्याला कशाचंच भान उरलेलं नाही असं दिसलं. म्हणून रेकॉर्डी तुझ्याकडे ठेवल्या आणि कव्हरं उचलून आणली. डॉक्टर म्हणालेत ना की गाणी ऐकवा? ऐकव. प्रत्येक रेकॉर्ड पांढऱ्या नव्या पिशवीत घातली आहे, प्रत्येक पिशवीवर मी टाइप केलेलं लेबल आहे: बँड, रेकॉर्डचं नाव, साल, कंपनी. सालाप्रमाणे ओळीने लावून दिल्या आहेत. भावोजींच्या कपाटात असा शिस्तीचा दिवस आजवर उगवला नव्हता.

त्यांना असली लेबलं कधी रुचली नाहीत, हे मला माहीत आहे. या प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांची खोडच होती की गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं आणि कव्हरावर ना बँडचं नाव ना रेकॉर्डचं, नुसतं चित्र. भावोजींनी मग आपल्याच मनाने बारसं केलं: पाण्यातला जिना, झोपलेला डोंगर, तीन चोचींचा पक्षी, कुलूपबंद दार, चंद्राची चकती. मी खरं नाव घेतलं की मला फूटपट्टी म्हणायचे. ते नाव मला चिकटलं आणि तू ते घरभर केलंस.

आता कामाचं. जन्मभर लोकांच्या लिफ्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाने बिनलिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहावं ही गंमत आता गंमत राहिली नाही, हे मलाही दिसतं. तिथलीच तळमजल्यावरची ती लहान जागा घ्या. तिथे रेकॉर्डींचं कपाट मावणार नाही म्हणून तू रेकॉर्डी विकायला व्यापाऱ्याला बोलावलं आहेस. मला ते आवडलेलं नाही, पण घर तुझं, निर्णय तुझा. जायच्याच असतील तर निदान नीटनेटक्या जाव्यात. फाटलेल्या पाठी, मऊ पडलेले कोपरे, सगळं दुरुस्त करतो. खोक्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली. पुठ्ठा आणि गोंद मला कोणी शिकवले नाहीत, मी त्यांच्याशी भांडून शिकलो. पाण्यातल्या जिन्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो भावोजींचा नाही, तुझा आहे.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती या कागदावर मावणार नाही.

तुझा,
फूटपट्टी

*

दि. १४ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. कपाचा गोल माझा आहे. वीस माणसांच्या कपड्यांच्या बाह्या आखूड करणाऱ्या बाईला चहा ठेवायला दुसरी जागा मिळाली नसेल, एवढं समजून घे.

बातमी चांगली नाही. तू गेलास त्या दिवसापासून हे रेकॉर्डींकडे फिरकत नाहीत. मी तुझ्या त्या पांढऱ्या पिशव्यांतली एक काढून हातात दिली, तर यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला सारली. दुसरी दिली, तीही सारली. तिसरी भिरकावली. मी स्वतः एक लावली, तर हे डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडले. आधी निदान उठायचे, भिंत धरत कपाटापाशी जायचे, कव्हरं काढायचे, घरभर पसरायचे. मला राग यायचा. दिवसभर शिवायचं आणि संध्याकाळी यांचा पसारा आवरून परत कपाटात लावायचा. आता पसारा नाही. घर लख्ख आहे. आणि मला त्या लख्ख घरात बसवत नाही.

बोलणं शिकवायला येणारी बाई म्हणते, असं होतं, माणूस मधेच हाय खातो. दोनदा तिने यांच्याकडून एक अक्षर काढायचा प्रयत्न केला, यांनी मान फिरवली. मला भीती वाटते ती मी तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? आजार वाढत नाहीये. हे आतून दार लावून घेतायत. एकदा लावलं की मग बाहेरून किती वाजवायचं?

व्यापारी महिनाअखेरीस यायचा म्हणतो. आता वाटतं, लवकर घेऊन जाऊ दे. यांना ज्यात रस उरला नाही ते मी कशासाठी पुसत बसू?

तू जेवत जा वेळेवर. गोंदाच्या वासाने भूक मरते म्हणे. तुझ्या बायकोला सांग, पुठ्ठ्याइतकी काळजी तू तिची घेतोस असं तिने कळवलं तरी मी विश्वास ठेवणार नाही.

तुझी,
ताई

*

दि. २० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देतो: पांढऱ्या पिशव्यांत दोष नाही. त्या आम्लरहित कागदाच्या आहेत. लेबलं सरळ रेषेत आहेत, सालं मी दोन ठिकाणी ताडून पाहिली आहेत. भावोजींना हवी ती रेकॉर्ड पूर्वी शोधायला अर्धा तास लागायचा, आता लहान मूलही काढून देईल. भिरकावण्यासारखं त्यात काय आहे हे मला कळत नाही. तुला वाटेल हा आपलंच घोडं पुढे दामटतोय. दामटतोयच.

तरीही त्यांना जरा उभारी यावी म्हणून पहिलं दुरुस्त झालेलं कव्हर सोबत पाठवतो आहे. पाण्यातला जिना. पाठ आतून नव्या पट्टीने जोडली आहे, बाहेरून बोट फिरवलंस तरी सांधा लागणार नाही. तुझ्या कपाचा गोल पुरता गेला नाही, पण असा फिका केला आहे की आता तो पाण्यावरचा तरंग वाटतो. चित्रकार इथे असता तर त्याने माझे आभार मानले असते. भावोजींच्या हातात दे आणि म्हणावं, तुमच्या मेव्हण्याने केलंय, बघा काही खोट काढता येते का. पूर्वी माझ्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. मी जपून ठेवलेल्या त्या एका न उघडलेल्या रेकॉर्डबद्दल काय म्हणायचे, आठवतं? वेष्टणासकट सांभाळलेली रेकॉर्ड म्हणजे नुसतं चौकोनी खोकं, आणि खोकी तर तू कारखान्यात रोजच करतोस. मी चिडायचो. आता वाटतं, पुन्हा एकदा तसं चिडवावं कोणीतरी.

कव्हरावर काही ठेवू नकोस. पाण्याचा ग्लाससुद्धा नाही.

पार्सल मिळालं की लगेच कळव. इथे जीव टांगणीला आहे.

तुझा,
फूटपट्टी

*

दि. २९ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

खाली बसून वाच.

तुझं पार्सल काल आलं. मी फोडून ते कव्हर यांच्या मांडीवर ठेवलं. तू सांगितलेलं तुझं कौतुक करायचं राहूनच गेलं, कारण यांनी डाव्या हाताने ते घट्ट छातीशी घेतलं. मग उठले. भिंत धरत, कव्हर काखेत दाबून, बाथरूमपर्यंत गेले आणि ते दाराला टेकवून माझ्याकडे बघत उभे राहिले. अगदी तसंच, जसं तू आलास तेव्हा होतं.

मी कव्हराकडे पाहिलं. जिना, पाणी, पायऱ्या उतरत पाण्यात शिरणारा माणूस. अरे, यांना अंघोळ हवी होती! दवाखान्यातून आल्यापासून मी पडतील म्हणून ओल्या टॉवेलने अंग पुसत होते. यांना खाली बसून डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं, आणि ते हे मला रोज सांगत होते. मी रोज ते कव्हर उचलून, पुसून, कपाटात लावत होते.

काल स्टूल ठेवलं, पाणी तापवलं, खांद्यावरून ओतलं. हे हसले. दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसले. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले, तर यांनी डाव्या हाताने माझ्यावर पाणी उडवलं.

मग एकेक आठवायला लागलं. शिवणयंत्रावर काय असायचं? झोपलेला डोंगर. म्हणजे पुरे कर, पाठ टेक. उशीवर ते दोन माणसं एकाच कोटात असलेलं. त्याचा अर्थ तुला सांगायची गरज नाही आणि सांगणारही नाही. हे पसारा घालत नव्हते रे. हे बोलत होते, आणि मी त्यांचं बोलणं आवरून ठेवत होते.

बोलणं शिकवणाऱ्या बाईला आज सांगितलं. तिने अक्षरं लिहून दाखवली, चित्रं दाखवली. अक्षरं यांना आता लागत नाहीत, नुसत्या रेघा दिसतात. चित्र लगेच कळतं. म्हणजे तुझी ती टाइप केलेली, दोन ठिकाणी ताडलेली लेबलं यांच्या दृष्टीने कोरीच. घरातली सगळी बिननावाची चित्रं उचलून तू यांच्यासमोर नुसती नावं ठेवलीस.

तुला बोलत नाहीये, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पण स्पष्ट लिहिते: तू माझ्या नवऱ्याची जीभ बॅगेत घालून घेऊन गेलास. मांडीवर ठेवून नेलीस हे खरं, पण नेलीस. परत पाठव. फाटकी, डागाळलेली, जशी असतील तशी.

तुझी,
ताई

*

दि. ३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं, उठायला मात्र वेळ लागला.

सगळी कव्हरं आजच रवाना केली. खोकी मी स्वतः बेतून कापली आहेत, कोपऱ्यात दुहेरी पुठ्ठा आहे. ज्यांची दुरुस्ती झाली ती झाली, उरलेली फाटक्या पाठीनेच येत आहेत, आणि हे माझ्या हातून आयुष्यात प्रथमच घडतं आहे. कारखान्यातल्या मुकादमाने विचारलं, एवढं काय पाठवताय. मी म्हटलं, शब्दकोश. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

जमेल तेवढं लिहून देतो. तीन चोचींचा पक्षी मला तुमच्या शेजारीणबाईंसाठी योग्य वाटतो. वाळवंटातला नळ: तहान. काचेचा घोडा दुखण्यासाठी वापरता येईल, कारण त्याच्या पायाला तडा दाखवला आहे. कुठे दुखतं ते त्या घोड्यावर बोट ठेवून सांगू देत. कुलूपबंद दार: नको. पण मी कोण सांगणार? त्यांची भाषा, ते ठरवतील. हे वाक्य लिहायला मला पेन दोनदा खाली ठेवावं लागलं.

चंद्राच्या चकतीबद्दल मात्र सांगायलाच हवं. त्या कव्हराला दोन खिडक्या कापलेल्या आहेत आणि मागे एकाच टाचणीवर फिरणारी दुपदरी गोल चकती आहे, एका पदरावर चंद्र, दुसऱ्यावर माणूस. वरच्या खिडकीत चंद्र वाढत जातो, खालच्या खिडकीत एक माणूस रस्त्याने घराकडे चालत येतो. भावोजींच्या प्रतीतली चकती निखळून नुसती आत खुळखुळत होती, चालवून बघता येत नव्हती. मी माझ्याकडची त्याच कव्हराची प्रत समोर ठेवून, खुणा जुळवून, नवी पितळी टाचणी घालून ती बसवली. आता ती लोण्यासारखी फिरते. माझ्या हातून आजवर झालेलं हे सर्वांत चोख काम आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

एक मागणं: व्यापाऱ्याला एवढ्यात काही कबूल करू नकोस.

भावोजींना नमस्कार, आणि त्यांना म्हणावं, मी चिडलेलो नाही.

तुझा,
फूटपट्टी

*

दि. २ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

तळमजल्यावर आलो. सामान अजून अर्धं खोक्यांत आहे, तरी आधी यांचं कपाट लागलं. जागा कुठून आली विचारशील तर माझं आरशाचं टेबल शेजारीणबाईंना देऊन टाकलं. या वयात आरशात बघून काही नवीन कळायचं नव्हतं. कव्हरं आता समोर तोंड करून उभी असतात, म्हणजे यांना एका हाताने उचलता येतात.

व्यापारी मात्र आलाच. तो आत येऊन बसताच हे उठले, कुलूपबंद दार काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याला वाटलं दाखवायला दिलं. त्याने ते उलटून पाहिलं, चांगली स्थिती आहे म्हणाला. यांनी ते काढून घेऊन परत त्याच्या मांडीवर ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवल्यावर मला हसू आवरेना. मी त्याला समजावून सांगितलं. बिचारा शहाणा निघाला, म्हणाला, बाई, असं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात चालत नाही, आणि दारातून यांना हात करून गेला.

शेजारीणबाई येण्याआधी यांना पावलांवरून कळतं. त्या आत येईपर्यंत पक्षी खुर्चीवर हजर असतो. त्यांना अर्थ ठाऊक नाही. चित्र छान आहे म्हणतात.

बोलणं शिकवणारी बाई आता चित्र दाखवून शब्द काढते. पाण्यातला जिना दाखवला की पा येतं. कधी कधी अर्धं णी येतं. तिने सांगितलंय, घाई नको.

आता ते सांगते ज्यासाठी पत्र लिहायला बसले. परवा दुपारी मी इस्त्री करत होते. यांच्या हातात ती चकती होती. फिरवत होते, थांबत होते, परत फिरवत होते. मग अस्वस्थ झाले. कव्हर मला दाखवलं. मी म्हटलं, छान झालंय की. यांनी मान जोरजोरात हलवली. बोटाने वरच्या खिडकीवर टकटक, खालच्या खिडकीवर टकटक. मला काही कळेना. यांचं तोंड लाल झालं. मी घाबरले, म्हटलं आता हे कव्हर फेकणार.

फेकलं नाही. फू म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. मग, तुकडे तुकडे करत, पण सबंध: फूटपट्टी चुकली.

इस्त्री माझ्या हातून पडली. कोणाच्या तरी पँटवर पडली, ते नंतर बघू. मी परत म्हणायला लावलं. परत म्हणाले. तिसऱ्यांदा तर हसत हसत, तुझी खोड काढायचे तसे म्हणाले. एवढ्या महिन्यांनी पहिलं सबंध वाक्य, आणि त्यात मी नाही, तू आहेस. मी रुसणार होते, पण वेळ मिळाला नाही.

तुझं नक्की काय चुकलंय ते मला कळलेलं नाही. तू बघ. हे मात्र दोन दिवस राजासारखे वावरतायत.

तुझी,
ताई

*

दि. ९ नोव्हेंबर

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

(ताई, हे मोठ्याने वाचून दाखव. मधे मधे हसू नकोस.)

तुमचा अभिप्राय पोचला. प्रथम मी तो साफ फेटाळला. माझी प्रत कपाटातून काढली, पाहिली आणि बायकोला सांगितलं की भावोजी चुकतायत, मी बसवलेली चकती माझ्या प्रतीशी तंतोतंत जुळते. ती म्हणाली, मग तुझी प्रत चुकीची असेल. मी तिला गप्प केलं आणि भिंग घेतलं, तिची चूक दाखवायला.

भिंगाखाली टाचणीच्या भोवती दुसऱ्या एका टाचणीचं जुनं भोक दिसलं. कागद भरून बुजवलेलं, फार सफाईने. माझ्या आधी ज्याच्याकडे ही प्रत होती त्याने चकती काढून तिचा एक पदर अर्धा वळवून उलटा बसवला होता. खोकी करणाऱ्या माणसाला ते इतकी वर्षं दिसलं नाही. माझ्या प्रतीत रस्ता ओसाड असताना पौर्णिमा यायची, आणि माणूस बिचारा मिट्ट काळोखात घरी पोचायचा. मी ते गंभीर कलात्मक आहे म्हणून लोकांना समजावून सांगत आलो. तीच चूक मी मोजूनमापून, नव्या पितळी टाचणीने, तुमच्या प्रतीत उतरवली.

तुम्ही बरोबर आहात. चंद्र पुरा झाला की माणूस दारात हवा.

महिनाअखेरीस रजा मिळाली आहे. भोक पाडायचा पंच, टाचणी आणि दोन हात घेऊन येतो. चकती तुम्ही डाव्या हाताने जुळवायची, मी फक्त धरून ठेवीन. पांढऱ्या पिशव्यांवरची लेबलं तोवर ताईने काढून टाकली तर माझी हरकत नाही. एखादं राहू द्या, आठवण म्हणून.

सोबत एक पार्सल आहे. माझी न उघडलेली रेकॉर्ड तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या भाषेत चौकोनी खोकं. काल तिच्या वेष्टणाला ब्लेड लावलं. कड सरळ कापली गेली आहे, पाहून घ्या. आत रेकॉर्ड आहे आणि कव्हरावर, या लोकांच्या रीतीप्रमाणे, नाव नाही. एक होडी, काठाला नुकती टेकलेली, आणि एक माणूस, हातात पिशवी घेऊन एक पाय पाण्यात, एक पाय वाळूत.

तुमच्या भाषेतली ही माझी पहिलीच ओळ आहे. चुकली असेल तर सांगा. मोठ्याने सांगा.

तुमचा,
फूटपट्टी